राउटरवर स्टॅटिक नॅट: आतला सर्व्हर बाहेरच्यांसाठी खुला करताना

एका सहकारी पतसंस्थेचं मुख्य कार्यालय डोळ्यांपुढे आणा. आतल्या खोलीत एक सर्व्हर आहे, त्यावर ठेवी आणि पिग्मीचा हिशेब ठेवणारं वेब ॲप्लिकेशन चालतं. कार्यालयातल्या प्रत्येक संगणकावर ते उघडतं. पिग्मी गोळा करणाऱ्या प्रतिनिधीला मात्र बाजारपेठेत उभं राहून मोबाइलवर ते उघडता येत नाही, कारण सर्व्हरचा पत्ता १९२.१६८ ने सुरू होतो आणि असले पत्ते कार्यालयाच्या बाहेर चालत नाहीत. इंटरनेट कंपनीकडून काही स्थिर सार्वजनिक पत्ते घेतलेले आहेत. त्यातला एक या सर्व्हरशी कायमचा जोडून द्यायचा, या कामाला स्टॅटिक नॅट (नॅट म्हणजे नेटवर्क ॲड्रेस ट्रान्सलेशन, पत्ता बदलणं) म्हणतात.

राउटरवर त्यासाठी मोजून तीन ओळी लागतात, आणि त्या कुठल्याही पुस्तकात सापडतात. पण स्टॅटिक नॅट पत्ता बदलून देण्यापलीकडे काहीही करत नाही. ते सर्व्हरची राखण करत नाही, परतीची वाट तपासत नाही, आणि कार्यालयाच्या आतून तोच सार्वजनिक पत्ता उघडेल याचीही हमी देत नाही. म्हणून या लेखात त्या तीन ओळींपेक्षा त्यांच्या आधीच्या आणि नंतरच्या कामाला जास्त जागा दिली आहे.

उदाहरण सिस्कोच्या आयओएस प्रणालीवर चालणाऱ्या राउटरचं घेतलं आहे. मायक्रोटिक आणि लिनक्सबद्दल पुढे स्वतंत्र सांगतो. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. राउटरवर त्या, अंकांसकट, इंग्रजी लिपीतच टाइप करायच्या.

थोडी पार्श्वभूमी

आयपीव्ही४ चा पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे जगभर मिळून ४,२९,४९,६७,२९६ पत्ते. ते पुरणार नाहीत हे नव्वदच्या दशकातच लक्षात आलं होतं. मे १९९४ मध्ये आरएफसी १६३१ या दस्तऐवजात पत्ता-बदलाची ही पद्धत मांडली गेली. आज सगळीकडे वापरले जाणारे खासगी पत्ते (१० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचे आणि १९२.१६८ चे) फेब्रुवारी १९९६ च्या आरएफसी १९१८ ने ठरवून दिले. ३ फेब्रुवारी २०११ रोजी आयाना या जगभरचे पत्ते वाटणाऱ्या संस्थेने आपल्याकडचे शेवटचे मोठे गठ्ठे पाच विभागीय संस्थांना वाटून टाकले. सार्वजनिक पत्त्याला वेगळे पैसे मोजावे लागतात ते या टंचाईमुळेच.

नॅटचे रोजच्या वापरातले प्रकार तीन. कार्यालयातले सगळे संगणक एकाच सार्वजनिक पत्त्याआडून बाहेर पडतात तो ओव्हरलोड, म्हणजेच पॅट. पत्त्यांच्या साठ्यातून लागेल तसा एक उचलून देणारा डायनॅमिक. आणि आतला एक पत्ता व बाहेरचा एक पत्ता यांची गाठ कायमची मारणारा स्टॅटिक. पहिल्या दोन प्रकारांत नोंद तयार होते ती आतून कोणी बाहेर पडलं तरच. स्टॅटिकमध्ये नोंद आधीपासून हजर असते, त्यामुळे बाहेरच्या माणसाला पहिलं पाऊल टाकता येतं. सर्व्हरसाठी नेमकं हेच हवं असतं, आणि धोकाही नेमका इथेच असतो.

कीबोर्डला हात लावण्याआधी

पहिला प्रश्न: तुमच्या राउटरच्या बाहेरच्या इंटरफेसवर (इंटरनेटच्या बाजूच्या जोडणीवर) खरोखर सार्वजनिक पत्ता आहे का? तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल तर इंटरनेट कंपनी तुम्हाला स्वतःच्या मोठ्या नॅटमागे ठेवते आहे. हा पट्टा एप्रिल २०१२ च्या आरएफसी ६५९८ ने त्याच कामासाठी राखून ठेवला. अशा जोडणीवर तुमच्या राउटरवरचं स्टॅटिक नॅट कितीही बिनचूक असलं तरी बाहेरून एकही पॅकेट (माहितीचा तुकडा) तिथवर येणार नाही. आपल्याकडच्या घरगुती ब्रॉडबँडवर हे सर्रास असतं. कंपनीकडून स्टॅटिक आयपी घेणं हाच त्यावरचा सरळ उपाय. त्याआधी राउटरवर वेळ घालवू नका.

दुसरा प्रश्न: पत्ते कसे मिळाले आहेत? समजा कंपनीने २०३.०.११३.८ हा गठ्ठा दिला, त्याचा मास्क (गठ्ठ्याचा आकार सांगणारा आकडा) २५५.२५५.२५५.२४८. यात एकूण आठ पत्ते. शेवटी ८ असलेला नेटवर्कचा आणि १५ असलेला ब्रॉडकास्टचा, हे दोन्ही वापरता येत नाहीत. ९ हा कंपनीचा गेटवे. उरले १० ते १४. आपण १० राउटरला देऊ आणि ११ सर्व्हरसाठी ठेवू. (२०३.०.११३ ची ही मालिका उदाहरणांसाठीच राखीव आहे. तुमच्याकडे अर्थातच तुमचे पत्ते असतील.) इथे सर्व्हरचा नवा पत्ता राउटरच्या बाहेरच्या इंटरफेसच्याच सबनेटमध्ये (पत्त्यांच्या गठ्ठ्यात) आहे, त्यामुळे ‘हा पत्ता कोणाचा?’ अशी एआरपी विचारणा कंपनीच्या गेटवेकडून आली की सर्व्हरच्या वतीने राउटरच उत्तर देतो. काही जोडण्यांत कंपनी दुव्यासाठी एक छोटा सबनेट देते आणि वापरायचे पत्ते वेगळ्या सबनेटमधले देते. तशा वेळी तो दुसरा गठ्ठा तुमच्या राउटरकडे रूट केला आहे (त्या पत्त्यांची वाट तुमच्या राउटरकडे वळवली आहे) ना, हे कंपनीकडून लेखी विचारून घ्या. फोनवर ‘हो, हो, केलंय’ असं म्हणतात आणि प्रत्यक्षात रूट नसतो.

तिसरा प्रश्न नेहमी राहून जातो: हा सर्व्हर आज बाहेर कोणत्या पत्त्याने जातो? आतापर्यंत तो पॅटमधून, म्हणजे शेवटी १० असलेल्या पत्त्याने जात होता. स्टॅटिक नोंद टाकली की त्याचं बाहेर जाणंही ११ वरून होऊ लागतं, कारण गाठ दोन्ही दिशांनी लागू असते. खातेदारांना एसएमएस पाठवणाऱ्या सेवेने किंवा तुमच्या भागीदार बँकेने ‘याच पत्त्यावरून आलं तर स्वीकारू’ असं ठरवलेलं असेल, तर नॅट लागताच एसएमएस जायचे थांबतात. आणि वेबसाइट तर व्यवस्थित उघडते आहे, त्यामुळे नॅटवर कोणाचा संशयच जात नाही. तेव्हा अशा सगळ्या बाह्य सेवांची यादी काढून नवा पत्ता त्यांना आधीच कळवा. जुना पत्ता काही दिवस त्यांच्या यादीत राहू द्या.

चौथी गोष्ट, सर्व्हर वेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे आभासी रीतीने वेगळ्या केलेल्या नेटवर्कमध्ये ठेवा. उद्या त्यात कोणी घुसलंच, तर तिथून कॅशियरच्या संगणकापर्यंतची वाट मोकळी असता कामा नये. आपल्या उदाहरणात कर्मचाऱ्यांचे संगणक १९२.१६८.१० मध्ये आहेत आणि सर्व्हर १९२.१६८.२० मध्ये, त्याचा पत्ता १९२.१६८.२०.१०. हा पत्ता सर्व्हरवर हाताने नेमून द्या. डीएचसीपीकडून (पत्ते आपोआप वाटणाऱ्या सेवेकडून) घेतलेला पत्ता एके दिवशी बदलतो आणि मग सार्वजनिक पत्ता भलत्याच संगणकाकडे बोट दाखवतो.

चार नावांची ओळख

सिस्कोच्या नोंदींत चार शब्दप्रयोग येतात. इनसाइड लोकल म्हणजे सर्व्हरचा आतला खरा पत्ता, इथे १९२.१६८.२०.१०. इनसाइड ग्लोबल म्हणजे त्याच सर्व्हरचं जगाला दिसणारं रूप, २०३.०.११३.११. आउटसाइड ग्लोबल म्हणजे बाहेरच्या माणसाचा पत्ता, आणि आउटसाइड लोकल म्हणजे तो माणूस आतून कोणत्या पत्त्याने दिसतो ते. आपल्या कामात शेवटचे दोन सारखेच असतात. पहिले दोन मात्र पक्के ध्यानात ठेवा, कारण फिल्टर लिहिताना यातला कोणता वापरायचा याच प्रश्नावर गाडी अडते.

आधी कुलूप, मग दार

स्टॅटिक नोंद टाकल्याक्षणी त्या सार्वजनिक पत्त्यावरचे सगळे पोर्ट (प्रत्येक सेवेचे क्रमांकित दरवाजे) सर्व्हरपर्यंत पोहोचतात. वेब हवं होतं, पण त्याबरोबर रिमोट डेस्कटॉप, डेटाबेस, फाइल शेअरिंग सगळंच बाहेर येतं. इंटरनेटवर चोवीस तास पोर्ट चाचपत फिरणारी यंत्रं नवा पत्ता शोधायला फार वेळ घेत नाहीत. म्हणून फिल्टर आधी लावायचा आणि नॅटची ओळ नंतर टाकायची, ‘आधी चालू तर करून बघू’ हा मोह टाळायचा.

बाहेरून येणारं पॅकेट आयओएसमध्ये आधी इंटरफेसवरच्या ॲक्सेस-लिस्टपुढे (कोणाला आत सोडायचं याच्या यादीपुढे) येतं, मग त्याचा पत्ता बदलतो, आणि मग राउटिंग होतं. म्हणजे ॲक्सेस-लिस्ट तपासली जाते तेव्हा पॅकेटवर सार्वजनिक पत्ताच असतो. त्यामुळे यादीत २०३.०.११३.११ लिहायचा, आतला पत्ता लिहिला तर ती ओळ कधीच जुळणार नाही. (झोन-बेस्ड फायरवॉल वापरत असाल तर हिशेब उलटा होतो. तिथे तपासणी पत्ता बदलल्यानंतर होते, म्हणून आतला पत्ता लिहावा लागतो.)

आयपी ॲक्सेस-लिस्ट एक्सटेंडेड बाहेरून
परमिट टीसीपी एनी होस्ट २०३.०.११३.११ ईक्यू ४४३
परमिट टीसीपी एनी होस्ट २०३.०.११३.११ एस्टॅब्लिश्ड
परमिट यूडीपी होस्ट १९८.५१.१००.५३ ईक्यू ५३ होस्ट २०३.०.११३.११
परमिट आयसीएमपी एनी होस्ट २०३.०.११३.११ अनरीचेबल
डिनाय आयपी एनी होस्ट २०३.०.११३.११ लॉग
परमिट आयपी एनी एनी

पहिली ओळ खातेदारांसाठी. दुसरी सर्व्हरने स्वतः बाहेर केलेल्या टीसीपी जोडण्यांच्या उत्तरांसाठी. ती विसरली तर सर्व्हरचे अपडेट बंद पडतात. तिसरी डीएनएसच्या (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेच्या) उत्तरांसाठी, आणि तिथे एनी न लिहिता तुमचा नेमका डीएनएस सर्व्हर लिहा. एनी लिहिलं तर स्वतःचा स्रोत पोर्ट ५३ करून कोणीही आत यूडीपी पाठवू शकतो. सर्व्हरचं घड्याळ बाहेरच्या एनटीपीवरून जुळवत असाल तर त्यासाठी पोर्ट १२३ ची तशीच एक ओळ हवी. चौथी ओळ अनावश्यक वाटते, पण वाटेत कुठे पॅकेटचा आकार लहान करावा लागला तर त्याची सूचना याच संदेशातून येते. ती अडवली की छोटी पानं उघडतात आणि मोठं पीडीएफ मध्येच लटकतं. पाचवी ओळ बाकी सगळं बंद करते.

सहावी ओळ या सर्व्हरव्यतिरिक्त बाकी कार्यालयाची वाहतूक पूर्वीसारखी राहावी म्हणून आहे. ती राहिली तर यादीच्या शेवटी अदृश्यपणे बसलेला ‘सगळ्यांना मनाई’ हा नियम लागू होतो आणि अख्ख्या कार्यालयाचं इंटरनेट जातं. स्वतः राउटरचं एसएसएच बाहेरच्यांना खुलं राहू नये म्हणून व्हीटीवाय लाइनवर (दुरून राउटरमध्ये शिरण्याच्या वाटेवर) ॲक्सेस-क्लास वेगळा लावा.

आता प्रत्यक्ष मांडणी

दुसऱ्या गावाहून राउटरवर काम करत असाल तर सर्वात आधी ‘रीलोड इन १०’ द्या. बदल जतन करायचे का असं विचारलं तर नाही म्हणा. पुढच्या एखाद्या ओळीने तुमचीच जोडणी तुटली, तर दहा मिनिटांत राउटर आपोआप जुन्या मांडणीसह परत उभा राहील. सगळं सुरळीत झालं की ‘रीलोड कॅन्सल’ द्यायला विसरू नका.

बाहेरची बाजू:

इंटरफेस गिगाबिटइथरनेट ०/०
आयपी ॲड्रेस २०३.०.११३.१० २५५.२५५.२५५.२४८
आयपी ॲक्सेस-ग्रुप बाहेरून इन
आयपी नॅट आउटसाइड

आतली, सर्व्हरची बाजू:

इंटरफेस गिगाबिटइथरनेट ०/१.२०
एन्कॅप्सुलेशन डॉट१क्यू २०
आयपी ॲड्रेस १९२.१६८.२०.१ २५५.२५५.२५५.०
आयपी नॅट इनसाइड

‘आयपी नॅट इनसाइड’ ही ओळ सब-इंटरफेसवरच हवी. मूळ ०/१ वर टाकली तर राउटर कसलीही कुरकुर करत नाही आणि नॅटही होत नाही. कर्मचाऱ्यांच्या ०/१.१० वर ती आधीपासून असेलच. त्याचप्रमाणे जोडणी पीपीपीओई (नाव-पासवर्ड देऊन जुळणारी) असेल, तर ‘आउटसाइड’ आणि ॲक्सेस-ग्रुप दोन्ही डायलर इंटरफेसवर जातात, तार लावलेल्या पोर्टवर नाहीत.

बाहेरची वाट बहुधा आधीपासून असते, तरी बघून घ्या:

आयपी रूट ०.०.०.० ०.०.०.० २०३.०.११३.९

आणि शेवटी ती ओळ:

आयपी नॅट इनसाइड सोर्स स्टॅटिक १९२.१६८.२०.१० २०३.०.११३.११

आधी आतला पत्ता, मग बाहेरचा. यातला ‘सोर्स’ हा शब्द पाहून नवशिक्याला वाटतं की ही ओळ फक्त आतून बाहेर जाणाऱ्या पॅकेटांसाठी आहे आणि उलट दिशेला आणखी एक लागेल. तसं नाही. बाहेर जाताना स्रोताचा पत्ता बदलतो, आत येताना हीच नोंद उलटी वाचून गंतव्याचा पत्ता बदलला जातो.

कार्यालयातल्या बाकीच्या संगणकांसाठीचा पॅट तसाच राहू द्या. एखाद्या संगणकाला दोन्ही लागू होत असतील तर स्टॅटिक नोंदीला प्राधान्य मिळतं, त्यामुळे पॅटच्या यादीतून सर्व्हरचा पत्ता मुद्दाम वगळायची गरज नाही. मात्र नोंद टाकण्यापूर्वी सर्व्हरच्या ज्या जोडण्या पॅटमधून सुरू झाल्या असतील, त्या संपेपर्यंत जुन्याच पत्त्याने चालतात. ‘क्लिअर आयपी नॅट ट्रान्सलेशन’ पुढे तारांकित चिन्ह दिलं की त्या पुसल्या जातात, पण त्याबरोबर अख्ख्या कार्यालयाच्या चालू जोडण्याही तुटतात. तेव्हा हे काम संध्याकाळी दिवसाचा हिशेब बंद झाल्यावर करा.

सार्वजनिक पत्ता एकच असेल तर

पाच पत्ते सगळ्यांकडे नसतात. एकच पत्ता असेल तर फक्त एक पोर्ट आत वळवता येतो:

आयपी नॅट इनसाइड सोर्स स्टॅटिक टीसीपी १९२.१६८.२०.१० ४४३ इंटरफेस गिगाबिटइथरनेट ०/० ४४३

यालाच पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. सर्व्हरवर एकच सेवा असेल तर पत्ते हाताशी असूनही मी हाच मार्ग निवडेन, कारण ४४३ सोडून बाकी काहीही मुळातच आत वळत नाही. इथे ॲक्सेस-लिस्टमध्ये राउटरचा स्वतःचा सार्वजनिक पत्ता लिहावा लागेल, आणि त्या पत्त्यावर मनाईची ओळ टाकताना दहादा विचार करा, कारण सगळ्या कार्यालयाची परतीची वाहतूकही त्याच पत्त्यावर येते. या पद्धतीत सर्व्हरचं स्वतःहून बाहेर जाणं पूर्वीसारखं पॅटमधूनच होतं, त्यामुळे एसएमएस सेवेचा वर सांगितलेला प्रश्न उद्भवत नाही.

चाचणी: बाहेरून म्हणजे खरोखर बाहेरून

मोबाइलचं वाय-फाय बंद करा आणि डेटा चालू करून पत्ता उघडा. कार्यालयाच्या वाय-फायवरून केलेली चाचणी ग्राह्य धरू नका. मग राउटरवर ‘शो आयपी नॅट ट्रान्सलेशन्स’ द्या. साधारण असं दिसेल:

टीसीपी २०३.०.११३.११:४४३ १९२.१६८.२०.१०:४४३ १९८.५१.१००.२५:५१५१२ १९८.५१.१००.२५:५१५१२
--- २०३.०.११३.११ १९२.१६८.२०.१० --- ---

खालची, नुसत्या रेघांची ओळ ही तुमची कायमची नोंद. कमांड टाकताच ती दिसू लागते. सर्व्हर बंद असला, केबल निघालेली असली तरी दिसते. त्यामुळे ती दिसली म्हणजे काम झालं असं समजू नका. कामाची ओळ वरची आहे. बाहेरच्या एका खऱ्या माणसाचं पॅकेट आलं, फिल्टरमधून पार झालं आणि त्याचा पत्ता बदलला, एवढं सगळं ती एक ओळ सांगते.

दोष कुठे आहे हेही इथूनच कळतं. मोबाइलवरून प्रयत्न केला आणि वरची ओळ उमटलीच नाही, तर पॅकेट राउटरपर्यंत आलेलं नाही किंवा फिल्टरने अडवलं आहे. ‘शो आयपी ॲक्सेस-लिस्ट्स’ द्या आणि प्रत्येक ओळीसमोरचा जुळण्यांचा आकडा बघा. ४४३ च्या ओळीचा आकडा हलत नसेल आणि मनाईच्या ओळीचा वाढत असेल, तर नियम चुकला. दोन्ही ढिम्म असतील, तर दोष राउटरच्या बाहेर आहे. आणि वरची ओळ उमटते पण मोबाइलवर पान उघडत नाही, तर राउटर सोडा आणि सर्व्हरकडे जा.

सर्व्हरवर बघायच्या गोष्टी दोन. पहिली, डिफॉल्ट गेटवे. सर्व्हर आधी कर्मचाऱ्यांच्याच नेटवर्कमध्ये असला तर कार्यालयातल्या कामासाठी त्याची गरज कधी पडलेली नसते, म्हणून अनेक सर्व्हरवर तो रिकामा असतो किंवा जुन्या मॉडेमचा पत्ता तिथे राहून गेलेला असतो. पॅकेट आत येतं, सर्व्हर उत्तरही तयार करतो, पण ते पाठवायचं कुठे हे त्याला ठाऊक नसतं. इथे गेटवे १९२.१६८.२०.१ हवा. दुसरी, सर्व्हरची स्वतःची फायरवॉल. विंडोजवर एखादा नियम ‘फक्त स्थानिक सबनेट’ एवढ्यापुरता असला की सर्व्हरच्याच सबनेटमधून सगळं चालतं आणि बाहेरच्याला नकार मिळतो.

राउटरबाहेरच्या दोषात एक प्रकार फार सतावतो. हा सार्वजनिक पत्ता आधी दुसऱ्या यंत्रावर होता, ते काढून आज तो तुम्ही नॅटमध्ये वापरला. कंपनीच्या गेटवेला मात्र अजून जुन्या यंत्राचा मॅक पत्ताच (नेटवर्क कार्डाचा पत्ता) आठवत असतो. सिस्कोच्या उपकरणांवर एआरपी नोंद टिकण्याची नेहमीची मुदत चार तास आहे. तोवर पॅकेटं जुन्या मॅक पत्त्याच्या नावाने येत राहतात आणि तुमचा राउटर ती घेत नाही. कंपनीच्या तांत्रिक कक्षाला ‘या पत्त्याची एआरपी नोंद पुसा’ असं नेमक्या शब्दांत सांगा. मोघम तक्रार नोंदवली तर मॉडेम बंद-चालू करायला सांगतात.

पॅकेटागणिक पाहायचं असेल तर ‘डीबग आयपी नॅट’ आहे. आत येताना गंतव्यापुढे २०३.०.११३.११ -> १९२.१६८.२०.१० असा बाण दिसतो, उत्तर जाताना स्रोतापुढे उलटा. आत येणाऱ्या ओळी दिसतात आणि जाणाऱ्या दिसत नाहीत, म्हणजे सर्व्हर उत्तरच देत नाही. गर्दीच्या वेळी हे डीबग सरसकट चालू करू नका, कमांडपुढे ॲक्सेस-लिस्टचा क्रमांक देऊन ते एकाच पत्त्यापुरतं ठेवा, आणि झाल्यावर ‘अनडीबग ऑल’. आयओएस-एक्सई चालवणाऱ्या ४००० मालिकेच्या राउटरवर असा पॅकेटागणिक बाण दिसत नाही, तिथे पॅकेट-ट्रेस ही सोय वापरावी लागते.

आतून सार्वजनिक नाव उघडत नाही तेव्हा

बाहेर सगळं चालू झालं आणि आता कार्यालयातून तक्रार येते: वेबसाइटच्या नावाने उघडत नाही. नाव विचारलं की डीएनएस २०३.०.११३.११ असं सांगतो. कर्मचाऱ्याचं पॅकेट आतल्या इंटरफेसवरून राउटरकडे येतं, पण पत्ता बदलायचं काम ‘आउटसाइड’ इंटरफेसवरून आत येणाऱ्या पॅकेटांसाठी नेमलेलं आहे. हे पॅकेट त्या दारातून आलेलंच नाही, म्हणून ते सर्व्हरकडे वळत नाही.

यावर नॅटमध्येच आणखी नॅट गुंफण्याच्या युक्त्या आहेत. मला त्या पटत नाहीत, कारण सहा महिन्यांनी दोष शोधायला बसलेल्या माणसाला त्या उलगडत नाहीत. कार्यालयाच्या आतल्या डीएनएसमध्ये त्याच नावासमोर १९२.१६८.२०.१० लिहून ठेवा. आतले सरळ आतल्या पत्त्यावर जातील, बाहेरचे सार्वजनिक पत्त्यावर. प्रमाणपत्र नावाला दिलेलं असतं, त्यामुळे ब्राउझरही कुरकुर करत नाही.

शाखांशी व्हीपीएन असेल तर

मुख्य कार्यालय आणि शाखा यांच्यात आयपीसेक बोगदा (इंटरनेटवरून जाणारी कूटबद्ध जोडणी, म्हणजे व्हीपीएन) असेल, तर स्टॅटिक नोंद टाकल्याच्या दुसऱ्याच मिनिटाला शाखेतून फोन येऊ शकतो. कारण सरळ आहे: आयओएसमध्ये बाहेर जाताना पत्ता आधी बदलतो आणि पॅकेट बोगद्यात टाकायचं का, ही तपासणी नंतर होते. शाखेकडे निघालेल्या सर्व्हरच्या उत्तराचा पत्ता २०३.०.११३.११ झालेला असतो. बोगद्याच्या यादीत १९२.१६८.२० ची मालिका आहे. जुळत नाही, म्हणून पॅकेट उघड्यावर इंटरनेटकडे जातं आणि हरवतं.

तेव्हा शाखेकडची वाहतूक नोंदीतून वगळा. समजा शाखेची मालिका १९२.१६८.३० आहे:

आयपी ॲक्सेस-लिस्ट एक्सटेंडेड शाखावगळून
डिनाय आयपी होस्ट १९२.१६८.२०.१० १९२.१६८.३०.० ०.०.०.२५५
परमिट आयपी होस्ट १९२.१६८.२०.१० एनी

रूट-मॅप नॅटसाठी परमिट १०
मॅच आयपी ॲड्रेस शाखावगळून

आयपी नॅट इनसाइड सोर्स स्टॅटिक १९२.१६८.२०.१० २०३.०.११३.११ रूट-मॅप नॅटसाठी

आधीची साधी ओळ काढून ही टाकायची. यादीत नेहमीच्या मास्कऐवजी उलटा मास्क लागतो, ०.०.०.२५५. कर्मचाऱ्यांच्या पॅटलाही हीच वगळणी लागते, पण बोगदा आधीपासून चालू असेल तर ती तिथे केलेली असणारच.

मायक्रोटिक आणि लिनक्सवर

कल्पना तीच, पण इथे दोन दिशांचे दोन नियम स्वतः लिहावे लागतात. मायक्रोटिकवर आधी २०३.०.११३.११ हा पत्ता बाहेरच्या इंटरफेसवर जोडा. मग डीएसटीनॅट साखळीत ‘या पत्त्यावर आलेलं १९२.१६८.२०.१० कडे’ हा नियम आणि एसआरसीनॅट साखळीत ‘१९२.१६८.२०.१० कडून निघालेलं या पत्त्याने’ हा नियम. दुसरा नियम मास्करेडच्या (मायक्रोटिकवरच्या पॅटच्या) वर असलाच पाहिजे. खाली राहिला तर आधी मास्करेड लागू होतो आणि सर्व्हर राउटरच्या पत्त्याने बाहेर पडतो. लिनक्सवर हेच आयपीटेबल्सच्या प्रीराउटिंगमधल्या डीनॅट आणि पोस्टराउटिंगमधल्या एसनॅटने होतं, शिवाय कर्नलमधलं आयपी फॉरवर्डिंग चालू करावं लागतं.

सिस्कोवरून इकडे येणाऱ्याने एक फरक ध्यानात ठेवावा. या दोन्हींत फॉरवर्ड साखळीचा फिल्टर पत्ता बदलल्यानंतर तपासतो. म्हणून इथे फिल्टरमध्ये १९२.१६८.२०.१० लिहायचा.

कॅमेऱ्यांसाठी हे वापरू नका

सर्व्हरचं जमलं की पुढची मागणी हमखास येते: ‘सीसीटीव्हीचा रेकॉर्डरही बाहेरून दिसू द्या.’ याला मी ठाम नकार देतो. २०१६ मध्ये मिराई या मालवेअरने कारखान्यातून आलेल्याच पासवर्डवर चालणारे कॅमेरे आणि रेकॉर्डर लाखांच्या संख्येने ताब्यात घेतले, आणि २१ ऑक्टोबर २०१६ रोजी डाइन या डीएनएस कंपनीवर झालेल्या हल्ल्यामागे तीच फौज होती. ती उपकरणं अशीच उघड्यावर होती. अनेक रेकॉर्डरना वर्षानुवर्षं अपडेट मिळत नाहीत. व्यवस्थापकाला घरून कॅमेरे बघायचे असतील तर त्याला व्हीपीएनने आत घ्या. हाच न्याय रिमोट डेस्कटॉपला आणि डेटाबेसला.

नोंदी आणि निरवानिरव

सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार आपल्या देशातल्या कंपन्या व संस्थांनी प्रणालींचे लॉग १८० दिवस जपायचे आहेत आणि घड्याळं एनआयसी किंवा एनपीएलच्या एनटीपी सर्व्हरशी जुळवायची आहेत. सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची आहे. म्हणून ॲक्सेस-लिस्टमधल्या ‘लॉग’ शब्दाने तयार होणारे संदेश राउटरच्या स्मृतीत न ठेवता वेगळ्या सिसलॉग (लॉग साठवणाऱ्या) सर्व्हरवर पाठवा. राउटर बंद-चालू झाला की त्याच्या स्मृतीतलं सगळं जातं. स्टॅटिक नॅटची इथे मोठी सोय आहे: सार्वजनिक पत्ता दिसला की आतलं यंत्र कोणतं हे लगेच कळतं, पॅटसारखं पोर्ट आणि वेळ जुळवत बसावं लागत नाही.

सगळं तपासून झालं की ‘कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग’ द्या. नाहीतर पुढच्या वेळी वीज गेली की जोडणीही गेली. कोणता सार्वजनिक पत्ता कोणत्या यंत्राला, कोणत्या पोर्टसाठी, कोणाच्या सांगण्यावरून आणि कधी दिला, हे एका साध्या तक्त्यात लिहून ठेवा आणि तो तक्ता राउटरच्या पासवर्डइतकाच जपा.

सर्व्हर निवृत्त झाला की नोंदही त्याच दिवशी काढा. राहून गेलेली नोंद धोक्याची असते, कारण तो आतला पत्ता उद्या दुसऱ्या यंत्राला मिळाला की ते यंत्र कोणाच्याही नकळत इंटरनेटवर येतं. काढण्यासाठी मूळ ओळीच्या आधी ‘नो’ लावायचं. नोंद वापरात असेल तर राउटर विचारतो की तिच्याखालच्या चालू जोडण्याही काढायच्या का. तिथे ‘येस’ म्हणा, त्या पत्त्याच्या ॲक्सेस-लिस्टमधल्या ओळी काढा, डीएनएसमधलं नाव काढा आणि मांडणी पुन्हा जतन करा.